शंभर वॅटचा माणूस आणि बारा टन हवा

धाराशिवहून तुळजापूरला सायकलवर निघालेला माणूस वाटेत जवळपास बारा टन हवा बाजूला सारतो. हिशोब सरळ आहे. ताठ बसलेला माणूस आणि त्याची सायकल मिळून समोरून जेवढी जागा अडवतात, ती साधारण अर्धा चौरस मीटर. एक किलोमीटर जाईपर्यंत एवढा आकार ५०० घनमीटर हवेतून वाट काढतो. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचावर आहे. तिथे तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवा सुमारे १.०८ किलो भरते. म्हणजे दर किलोमीटरला ५४० किलो, आणि बावीस किलोमीटरला जवळपास बारा टन. हवा डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना तिचं वजन बरोबर कळतं.

ही हवा कमी सारावी लागावी म्हणून गेली नव्वद वर्षं जगभरातली काही हट्टी माणसं सायकलचा आकारच बदलत आली आहेत. त्यांच्या सायकलवर स्वार खोगिरावर चढत नाही. आरामखुर्चीत टेकावं तसा तो पाठ मागे रेलून बसतो, पाय पुढे पसरतो आणि पायडल पायांच्या समोर असतात. दोन चाकं असतील तर ती रिकम्बंट सायकल, तीन असतील तर ट्राइक. तिच्याभोवती माशासारखं निमुळतं कवच चढवलं की झाली वेलोमोबाइल. हे शौकिनांचं खेळणं आहे, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. त्यामागचे आकडे मांडले की मात्र दिसतं, की ज्याच्याकडे ताकद थोडी आहे त्याच्याच उपयोगाचं हे शास्त्र आहे.

इंजिन केवढं?

निरोगी, पण खेळाडू नसलेला माणूस तासन्‌तास पायडल मारत राहिला तर सुमारे १०० वॅट देतो. धाराशिव जिल्ह्यात कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. भर दुपारी तो पूर्ण क्षमतेने चालतो तेव्हा जेवढी वीज देतो, तेवढी पायांनी काढायची तर पाच लाख माणसांना एकाच वेळी पायडल मारत बसावं लागेल. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६ होती. म्हणजे आठही तालुक्यांतल्या दर तीन माणसांमागे जवळपास एक. भूम-वाशीच्या माळांवर फिरणारी दोन मेगावॅटची एकच पवनचक्की जोराच्या वाऱ्यात वीस हजार माणसांचं काम करते.

इतकं छोटं हे इंजिन, पण काटकसरी किती! मापाला ज्वारीची भाकरीच घेऊ. ऐंशी ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे २७५ किलोकॅलरी असतात. शरीर त्यांतला जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. तरीही एका भाकरीतून पायडलवर ७७ वॅट-तास मिळतात. साध्या सायकलला सपाट रस्त्यावर, वारा नसताना ताशी २० किलोमीटर वेग राखायला सुमारे ८० वॅट लागतात. म्हणजे एक भाकरी, एक तास, वीस किलोमीटर.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला भाविक चालत जातात. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसाला एवढं चालायला सुमारे आठ भाकऱ्यांची ऊर्जा लागते, सायकलला सव्वादोन पुरतात. एक लिटर पेट्रोलमध्ये तीस भाकऱ्यांची ऊर्जा असते. त्यावर मोटारसायकल पन्नास-साठ किलोमीटर जाते. तीस भाकऱ्यांवर साधी सायकल सहाशे किलोमीटर जाते, आणि ताशी ३० किलोमीटर वेगाने धावणारी चांगली वेलोमोबाइल हजारभर किलोमीटर. माणूसही तोच आणि भाकरीही तीच, फरक पडला तो फक्त आकारामुळे.

वेग दुप्पट, ताकद आठपट

हा फरक एवढा मोठा का पडतो? हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. वेग दुप्पट केला की हवेपायी लागणारी ताकद आठपट होते, तिप्पट केला की सत्तावीसपट. पवनचक्कीही याच नियमाने चालते. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून तर ती उघड्या माळावर उभारतात. जो नियम वीज कंपनीला नफा देतो, तोच सायकलवाल्याला घाम फोडतो.

सत्तर किलोचा स्वार आणि धाराशिवची हवा धरून हिशोब केला, तर ताठ बसायच्या सायकलला ताशी २० किलोमीटरला ८० वॅट लागतात, ३० ला सुमारे २१५ आणि ४० ला ४६०. सामान्य माणूस तिसाच्या वेगाला काही मिनिटांत दमतो. चाळीसचा वेग हे शर्यतीत मुरलेल्याचंच काम, आणि तोही फार वेळ टिकत नाही. तिसाच्या वेगाला खर्च होणाऱ्या ताकदीतला ऐंशी टक्के वाटा हवा खाते. रस्ता, टायर, बेअरिंग यांच्या वाट्याला उरलेले वीस.

आता तोच स्वार मागे रेलून बसला. उघड्या ट्राइकला ताशी ३० किलोमीटरला सुमारे १५० वॅट लागतील, बुटक्या दोनचाकी रिकम्बंटला ११० आणि वेलोमोबाइलला सत्तरच्या आत-बाहेर. ताशी ५० ला तर हे अंतर डोळे फिरवणारं होतं. साध्या सायकलला ८६५ वॅट, वेलोमोबाइलला १७०.

यातली एक बाब मात्र स्पष्ट सांगायला हवी. उघडी ट्राइक वेगाचा चमत्कार नाही. त्याच ८० वॅटमध्ये साधी सायकल २० ने जाते, ट्राइक २२-२३ ने आणि वेलोमोबाइल ३३ ने. तिसरं चाक आणि जास्तीचं वजन यांत रेलून बसण्याचा बराचसा फायदा खर्ची पडतो. ट्राइकचं मोल वेगळं आहे. ती पडत नाही. थांबली तरी पाय टेकावा लागत नाही. मनगटांवर, मानेवर, बैठकीच्या हाडांवर भार येत नाही. गुडघे-पाठ धरलेल्या माणसाला, तोल सांभाळता न येणाऱ्याला, साठी-सत्तरी ओलांडलेल्याला ती पुन्हा रस्त्यावर आणते.

८०८ मीटर आणि एक बंदी

१९१४ साली ऑस्कर एग याने एका तासात ४४.२४७ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला. तो एकोणीस वर्षं टिकला. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या सायकलपटूने ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलं. एगपेक्षा ८०८ मीटर जास्त. फोर शार्ल मोशे याने बांधलेल्या सायकलवर रेलून बसला होता. मोशेने आधी आपल्या मुलासाठी पायडलची चारचाकी गाडी बनवली होती, पुढे मोठ्यांसाठी दोन आसनांची. त्याच गाडीची अर्धी आवृत्ती म्हणजे ही दोनचाकी.

या ८०८ मीटरांनी सायकलविश्वात खळबळ माजली. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकल कशाला म्हणायचं याची नवी व्याख्या केली आणि १ एप्रिल १९३४ पासून रेलून चालवायच्या सायकली अधिकृत शर्यतींतून बाद झाल्या. मोशे त्याच वर्षी वारला. फोर थांबला नाही. ५ मार्च १९३९ रोजी कवच चढवलेल्या रिकम्बंटवर त्याने तासात ५०.५३७ किलोमीटर गाठले.

पुढचे आकडे शेजारी मांडून पाहा. एडी मर्क्स हा सर्वकाळातला थोर सायकलपटू. १९७२ साली मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत त्याने तासाला ४९.४३१ किलोमीटर केले. म्हणजे तेहेतीस वर्षांनंतरही तो फोरच्या अकराशे मीटर मागेच. ताठ सायकलवर पन्नासचा आकडा ओलांडायला १९८४ साल आणि फ्रान्सेस्को मोझर यावा लागला, फोरनंतर पंचेचाळीस वर्षांनी. ऑक्टोबर २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नाने अधिकृत विक्रम ५६.७९२ किलोमीटरवर नेला. त्याआधीच, जून २०१६ मध्ये, जर्मनीतल्या चाचणी-मार्गावर फ्रान्सेस्को रुस्सोने कवचबंद रिकम्बंटवर एका तासात ९२.४३२ किलोमीटर पूर्ण केले होते. गान्नापेक्षा साडेपस्तीस किलोमीटर जास्त. धाराशिवहून निघून सोलापूर गाठावं आणि तासाभराच्या आत आणखी वीस-पंचवीस किलोमीटर पुढे जावं, एवढं रुस्सोचं हे अंतर. इंजिन नाही, बॅटरी नाही. नुसते दोन पाय.

सर्वोच्च वेगाचा आकडा याहून मोठा आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात बॅटल माउंटन गावाबाहेरच्या सरळ, जवळजवळ सपाट रस्त्यावर दर वर्षी सप्टेंबरात ही मंडळी जमतात. काही किलोमीटर वेग वाढवत आणायचा आणि शेवटचे २०० मीटर मोजायचे. २०१६ साली कॅनडाच्या टॉड रायकर्टने ‘ईटा’ नावाच्या यंत्रात बसून ताशी १४४.१७ किलोमीटरची नोंद केली. दोनशे मीटर पाच सेकंदांच्या आत. साध्या सायकलवर ताठ बसून हा वेग गाठायचा तर हवेपायीच सोळा किलोवॅट लागले असते, म्हणजे बावीस अश्वशक्ती. ते दोनशे-अडीचशे सीसीच्या मोटारसायकलचं काम आहे. माणसाच्या पायांत त्याच्या जवळपासही ताकद नसते. बाकीचं सगळं आकाराने केलं. याच रायकर्टच्या चमूने २०१३ साली पायडलवर उडणारं हेलिकॉप्टर ६४ सेकंद हवेत ठेवून अडीच लाख डॉलरचं सिकॉर्स्की पारितोषिक जिंकलं होतं.

एक मिलिमीटरची किंमत

विक्रमांचं यंत्र प्रयोगशाळेत घडतं. ट्राइक मात्र गावातल्या वर्कशॉपमध्ये घडू शकते, आणि तिथले आकडे मला विक्रमांहून जास्त भावतात.

पुढे दोन चाकं, मागे एक, ही ट्राइकची आवडती रचना. लहान मुलांच्या सायकलला असतात तशी वीस इंची चाकं. प्रत्येकाला ३६ तारा धरल्या तर तिन्हींच्या मिळून १०८. नीट कसलेल्या चाकात एकेका तारेवर ८० ते १०० किलोचा ताण असतो. म्हणजे तिन्ही चाकांच्या तारांवरचा ताण मिळून साडेआठ टनांच्या पुढे जातो. शंभर किलोही वजन न उचलणारी गाडी आपल्या पोटात एवढा ताण बाळगून चालते. रिंगचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा कारागीर पाना एकचतुर्थांश फेरा फिरवतो तेव्हा या टनांशी खेळत असतो. दोनचाकी सायकल वळणावर कलते, त्यामुळे चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. ट्राइक कलत नाही, सगळा आडवा जोर तारांवर येतो. म्हणूनच चाकं लहान हवीत आणि आउट काटेकोर निघालेला हवा.

पायडल पार पुढे, ओढणारं चाक पार मागे. त्यामुळे चेन लागते तीन सायकलींची. चार मीटरहून लांब, अर्ध्या इंचाच्या सुमारे ३४० कड्या. एकेका कडीत पट्ट्या, पिन, बुश, रोलर धरले तर पाच सुटे भाग, म्हणजे नुसत्या चेनमध्ये सतराशे भाग. प्रत्येकाला तेल हवं आणि प्रत्येकाला धाराशिवच्या काळ्या मातीची धूळ सोसायची आहे. ही चेन आसनाखालून जाताना प्लॅस्टिकच्या नळीतून किंवा कप्पीवरून नेतात. कप्पीवर घर्षण वाढलं तर हवेकडून वाचवलेले वॅट तिथेच सांडतात.

आता वळणं. दोन्ही पुढची चाकं सारख्याच कोनात वळवली तर चालत नाही. आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या. चाकांमध्ये ८० सेंटिमीटर, पुढच्या-मागच्या आसांत एक मीटर आणि वळणाची त्रिज्या तीन मीटर असेल, तर आतलं चाक २१ अंश वळलं पाहिजे आणि बाहेरचं १६.४. साडेचार अंशांचा हा फरक स्टिअरिंगच्या दांड्यांच्या तिरकेपणातून आपोआप यावा लागतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना हीच युक्ती असते, आणि गावोगावचे मिस्त्री ती हाताने दुरुस्त करतात.

सगळ्यांत थक्क करणारा आकडा सरळ रस्त्यावरचा आहे. दोन्ही पुढची चाकं एकमेकांना समांतर हवीत. चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर यांत फक्त एक मिलिमीटर फरक राहिला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला एक मीटर आडवं घासत जातं. धाराशिव ते सोलापूर असं जाऊन आलं की प्रत्येक टायर सव्वाशे-दीडशे मीटर रस्त्यावर आडवा ओढला गेलेला असतो. फरक एक सेंटिमीटर असेल तर तेच सव्वा ते दीड किलोमीटर. टायर महिन्याभरात गुळगुळीत होतो आणि स्वाराला वाटतं, आपलेच पाय कमी पडताहेत. दांडीच्या टोकाचा नट अर्धा फेरा फिरवून ही गळती थांबते. त्यासाठी पैसा लागत नाही. एक पट्टी, एक दोरा आणि मन लावून मोजणारा माणूस, एवढं पुरे.

आसनाची उंचीही अशीच मोजून ठरते. गाडी आणि स्वार मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर अशी ट्राइक ताशी २८-२९ किलोमीटरला आतलं चाक उचलू लागते. आसन दहा सेंटिमीटर वर घेतलं की हीच मर्यादा पंचविसाच्या जवळ येते. चढायला-उतरायला सोपं व्हावं म्हणून आसन उंच करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

हे काम आपल्याकडे परकं नाही. मराठवाड्यात जुन्या सायकलचं चाक आणि हँडल लावून केलेलं सायकल कोळपं शेताशेतांत दिसतं. तेही माणसाच्या शंभर वॅटवर चालणारं, गावातच वेल्डिंग केलेलं यंत्र आहे. वाहन-अभियंत्यांच्या एसएई इंडिया या संघटनेची एफिसायकल स्पर्धा २०१० पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून दोघांनी चालवायची तीनचाकी बांधून घेते, पायडल आणि विजेची मोटर अशी दोन्हींची जोड असलेली. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे संघही तिच्यात उतरत आले आहेत. परदेशी ट्राइक इथे आणायची तर खर्च काही लाखांत जातो. चौकोनी पाइप, वीस इंची चाकं, डिस्क ब्रेक आणि लेथवर काढलेले आस यांतून ती इथेच बांधता येते. अवघड भाग मोजमापाचा आहे, सामानाचा नाही.

वारा, ऊन, घाट

जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा बालाघाटाच्या माथ्यावर सायकलवाल्याची खरी परीक्षा असते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आणि आपला वेगही २० असेल, तर साध्या सायकलला ८० ऐवजी २३० वॅट लागतात, जवळजवळ तिप्पट. ट्राइकला १५८ लागतात. वेलोमोबाइलला ५५. म्हणजे समोरच्या वाऱ्यात वेलोमोबाइल चालवणाऱ्याला जेवढी मेहनत पडते, त्याहून जास्त साध्या सायकलवाल्याला वारा नसतानाही पडते. या एका आकड्यासाठी मी हे शास्त्र मानतो.

पण मराठवाड्याचं ऊन कवचाला माफ करत नाही. ८० वॅट पायडलवर देणारं शरीर त्याच वेळी अडीचशे वॅट उष्णता सोडत असतं. हवाच बेचाळीस अंशांवर असते तेव्हा ही उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते, ती घामाची. तासाला पावणेचारशे मिलिलिटर घाम नुसता येऊन भागत नाही, तो अंगावरून पूर्ण वाळावा लागतो. बंद कवचात हवा खेळली नाही तर तो वाळत नाही, ओघळतो. मे महिन्यात धाराशिवला बंद वेलोमोबाइल म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. इथे उघडी ट्राइक बरी, आणि वर छप्पर हवंच, कारण रेललेल्या माणसाचा चेहरा थेट आभाळाकडे असतो.

छप्पर हवंच आहे तर ते सौर पॅनलचं का नको? एक चौरस मीटरचं पॅनल भर दुपारी २०० वॅट देतं, दोन माणसांच्या पायांएवढं. मराठवाड्यातल्या उन्हात दिवसाला सुमारे एक युनिट, म्हणजे तेरा भाकऱ्यांचं पायडल-काम. ‘सन ट्रिप’ या मोहिमेत २०१८ साली स्वार असल्याच सौर सायकली आणि ट्राइक घेऊन फ्रान्समधल्या लिऑनहून चीनमधल्या ग्वांगझूला निघाले होते, सुमारे बारा हजार किलोमीटरच्या वाटेवर.

घाटात रिकम्बंटचं उणं दिसतं. पायडलवर उभं राहून अंगाचं वजन टाकता येत नाही. गाडी आणि स्वार मिळून ८८ किलो शंभर मीटर उंच चढवायला २४ वॅट-तास लागतात, भाकरीचा एक तृतीयांश. यात कुठलाही आकार सूट देत नाही. मात्र दोनचाकी सायकल अगदी हळू झाली की डगमगते, ट्राइक डगमगत नाही. पाच टक्के चढावर खालच्या गिअरमध्ये ताशी साडेचार किलोमीटरने गेलं तर ६० वॅटच पुरतात. चालण्याच्या वेगाने का होईना, माणूस बसल्या बसल्या वर पोचतो.

रस्त्यावरचे धोकेही मोजूनच ओळखावेत. स्वाराचे डोळे जमिनीपासून जेमतेम ऐंशी-नव्वद सेंटिमीटरवर असतात. हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाला ती उंची सहज दिसत नाही. म्हणून माणसाच्या उंचीएवढ्या काठीवर झेंडा आणि दिवसाही लुकलुकणारा दिवा हवाच. सायकल खड्ड्याशेजारून एका रेषेत निसटते. ट्राइकच्या रेषा तीन, त्यांतली एखादी खड्ड्यात जाणारच.

चोपन्न लाख माणसं

आता या सगळ्या आकड्यांचं इथे काय काम, ते सांगतो.

धाराशिवच्या रस्त्यांवर तीनचाकी सायकल फार वर्षांपासून आहे. अपंगांसाठी हाताने फिरवायची, सरकारी शिबिरांतून मिळणारी. देशात अशा सायकली बनवणारी सर्वांत परिचित संस्था म्हणजे कानपूरची अलिम्को, केंद्र सरकारने १९७२ साली स्थापन केलेली. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांतल्या सुमारे ५४ लाखांना चालण्या-फिरण्याची अडचण होती.

पायांच्या मानाने हातांची ताकद कमी. समजा एखादी बाई हातांनी सतत ४० वॅट देऊ शकते. ताठ आसन, जड सांगाडा, कमी हवेची रुंद चाकं अशा तीनचाकीवर ती सपाट रस्त्याला ताशी ११ किलोमीटर जाईल. तीन टक्क्यांच्या साध्या चढावर वेग साडेतीनवर येतो, आणि गिअर नसेल तर हात अडतातच. आता तीच बाई रेललेल्या, हलक्या, नीट हवा भरलेल्या आणि चाकं समांतर केलेल्या ट्राइकवर बसवा. त्याच ४० वॅटमध्ये ताशी १६ किलोमीटर. मोटर नाही, बॅटरी नाही, जेवण वाढवलेलं नाही. वेग जवळपास दीडपट.

ज्या संघटनेने १९३४ मध्ये रेलून बसायची सायकल बाद केली, तीच आज अपंग खेळाडूंच्या हातसायकल शर्यती भरवते. त्यांतल्या बहुतेक गटांत स्वार रेलूनच बसतात. २००४ पासून हा प्रकार पॅरालिम्पिकमध्येही आहे. वेगाच्या खेळाने नाकारलेला आकार गरजेच्या खेळाने स्वीकारला.

आपल्या राज्यात या वाटेने विचार झालेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षाचा असाच मुळापासून अभ्यास केला. रिक्षावाल्याची ताकद कुठे वाया जाते ते पाहिलं आणि सुधारलेली पायडल रिक्षा, मोटरची जोड असलेली रिक्षा आणि पूर्ण विजेवरची ‘इलेक्शा’ असे तीन नमुने उभे केले. २००२ साली त्यावरचा त्यांचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी हे काम होतं, तर धाराशिवलाही होईल.

कामाची सुरुवातही स्पष्ट आहे. एखाद्या आयटीआयने किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने हाताने चालवायच्या ट्राइकचा एक नमुना ठरवावा. आसन रेललेलं, वजन पंचवीस किलोच्या आत, निदान तीन गिअर, दोन्ही पुढच्या चाकांना ब्रेक. त्याचा जिग तयार करावा, म्हणजे कुठल्याही वेल्डिंगवाल्याच्या हातून तीच मापं निघतील. मग ती गाडी उमरग्याच्या सपाट रस्त्यावर आणि तुळजापूरच्या घाटात चालवून वेग मोजावा आणि आकडे गावापुढे मांडावेत.

मोठी इंजिनं असलेल्यांना आकाराची फिकीर करायची गरज नसते. थोडं पेट्रोल जास्त जळतं, एवढंच. शंभर वॅटच्या माणसाला आकाराची काळजी करावी लागते, आणि चाळीस वॅटच्या माणसाला त्याहून जास्त. त्याच्यासाठी एक मिलिमीटर, एक गिअर आणि पाठीचा योग्य कोन यांवर ठरतं, की तो बाजाराला स्वतःच्या बळावर जाईल की कुणी ढकलायला येईपर्यंत दारात थांबेल. हे ठरवणारं ज्ञान आपल्याकडे आहे, हातही आहेत. आता फक्त मोजायला बसायचं.